एकेचाळीस पावलं

९ जानेवारी

ती. ताई,

लांबूनच नमस्कार करतो. घ्यायचा की परत पाठवायचा, ते तू ठरव.

तुझं पत्र मिळालं. अक्षर भाचीचं आहे, पण बोल तुझे आहेत हे पहिल्या ओळीतच कळलं. "धरणवाल्यास" अशी सुरुवात दुसरं कोण करणार? मला या धरणावर नोकरी लागली त्याला एकवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुझं हे पहिलंच पत्र. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. त्यापेक्षा पत्र बरं. रागाने फेकलं तरी नंतर उचलून वाचून घेता येतं.

तू लिहितेस की वरच्या गल्लीतल्या अकरा घरांची फेरचौकशी वीस एप्रिलला आहे आणि यानंतर चौकशी होणार नाही. अकरा घरं पाण्याखाली गेली, पण बुडिताच्या यादीत एकाचंही नाव नाही, म्हणून बदली जमीन नाही की घर नाही. बावीस वर्षं तुम्ही सगळे पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढताय. अधिकाऱ्यापुढे ठेवायला आपल्या विरोधाचा इतिहास तारीखवार लिहून हवा आहे. "सभांच्या वह्या तुझ्याकडे आहेत. एवढं तरी कर."

वह्या आहेत. पाच आहेत. माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, पातळीच्या रजिस्टरांखाली. माझं काम तुला कुणी सांगितलं नसेल. धरणाच्या भिंतीवर आकडे रंगवलेली एक उभी पट्टी आहे. सकाळी सहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला तिच्यावर पाणी कुठे टेकलंय ते वाचायचं, रजिस्टरात लिहायचं, वर कळवायचं. बस्स. त्याआधी हात जोडून दोन मिनिटं डोळे मिटतो. मग पाण्याकडे पाहायचा धीर होतो.

लिहून पाठवतो. गुडघ्यांना जप.

तुझा भाऊ


२३ जानेवारी

ती. ताई,

वही पहिली आणि दुसरी यांतून उतरवलेलं पाठवतोय. चौकशीसाठी जे निवडशील ते निवड. बाकीचं भाचीसाठी राहू दे, तेव्हा ती पाळण्यात होती.

सुरुवात शाळेच्या भिंतीवर डकवलेल्या नोटिशीने झाली. मास्तरांनी ती मोठ्याने वाचली. "संपादन" या शब्दावर सगळे अडले. मास्तर शाळेचं हस्तलिखित काढायचे, त्यांना तोच अर्थ ठाऊक. म्हणाले, "संपादन म्हणजे चुका दुरुस्त करणं." त्यावर गावभर बातम्या पोचवणारी रेडिओमावशी म्हणाली, "मग येऊ द्या की! गावात चुकांना काय तोटा? पहिली चूक माझ्या सुनेच्या घरातच राहते." लोक पोट धरून हसले. संपादन म्हणजे जमीन काढून घेणं, हे कळायला आपल्याला आठ दिवस लागले.

मग तीन पायांचं यंत्र घेऊन तो साहेब आला. तिपाई साहेब. त्याने डोंगराच्या उतारावर दगड पुरायला सुरुवात केली. प्रत्येक दगडावर चुना आणि लाल रंगात "बु." आणि आकडा. बु. म्हणजे बुडीत. रेडिओमावशीने चष्मा पुसून वाचलं आणि विचारलं, "हा कुठला बुवा?" त्या दिवसापासून ते दगड म्हणजे बुवा झाले. चौदावा बुवा तुझ्या घराच्या वर बसला. म्हणजे वरची आणि खालची, दोन्ही गल्ल्या बुडणार.

साहेबाच्या सभेत तू उभी राहिलीस. बाया त्याआधी सभेत बोलत नसत. तू विचारलंस, "पाणी नक्की कुठपर्यंत येणार?" तो घाईत होता. म्हणाला, "बाई, जिथपर्यंत दगड, तिथपर्यंत पाणी." हे वाक्य वहीत आहे आणि मी त्याखाली दोनदा रेघ मारली आहे.

त्याच संध्याकाळी तू सगळ्यांना बजावलंस, "एकाही दगडाला कुणी हात लावायचा नाही. हात लागला की पोलीस आणायला त्यांना निमित्त मिळेल." लोकांनी हात वर केले. मीही केला.

नंतर धरणाविरुद्धचं धरणं. मोठ्या ऑफिसच्या दारात नऊ दिवस, चौतीस माणसं. दाजी तुला निम्म्या वाटेपर्यंत सोडायला आले होते. त्यांच्या ढांगा लांब, तू मागून जवळजवळ धावत होतीस. ओरडलीस, "अहो, तुमच्या एका पावलाला माझी दीड पडतात!" ते म्हणाले, "मग दीडपावली, जरा आधी निघायचं ना." मग गुरांसाठी ते गावात परतले.

मी गावातच होतो. त्या नऊ दिवसांत गावात विशेष काही घडलं नाही.

तुझा भाऊ


११ फेब्रुवारी

ती. ताई,

आता वही तिसरी.

तुम्ही लेखी आश्वासन घेऊन परत आलात. "रेषेचा फेरविचार करू." मोठ्या साहेबाची सही, शिक्का. आणि गावात येऊन पाहता तर रेषा खरंच खाली सरकलेली! चौदा ते वीस, सातही बुवा वरच्या गल्लीच्या खाली येऊन बसलेले. म्हणजे वरची गल्ली वाचली. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं. नऊ दिवस उपाशी-तापाशी बसून बायांनी सरकारी दगड हलवला, असं आजूबाजूच्या गावांत झालं. त्यानंतर तू जिथे जिथे बोललीस तिथे शेवटी हेच वाक्य: "आम्ही एकाही दगडाला हात लावला नाही, तरी दगड हलला." कुठे सभेत मागे उभं राहून मीही ते ऐकलंय.

पंधरवड्याने मोजणी कारकून आला. तिपाई साहेबाची तोवर बदली झाली होती. कारकुनाने दगड पाहिले, दगडांखालची घरं मोजली. खालच्या गल्लीतली तेवीस, त्यात आपलं, म्हणजे बाबांचं. वरच्या गल्लीतली एकही नाही. तुम्ही हसत त्याला चहा पाजलात.

तीन वर्षांनी पाणी चढलं. पहिल्या पावसाळ्यात खालची गल्ली गेली, दुसऱ्यात वरची. तू ऑफिसात जाऊन भांडलीस, "रेषा तुम्हीच खाली आणलीत, मग पाणी वर कसं?" ऑफिस म्हणालं, "आम्ही रेषा हलवलेलीच नाही. दगड आहेत तिथेच आहेत." जुना नकाशा मागितलास तर म्हणे सापडत नाही. तेव्हापासून हे असंच चाललंय. तू म्हणतेस त्यांनी हलवली, ते म्हणतात कुणीच हलवली नाही.

बुडिताच्या यादीतल्या घरांमागे एक नोकरी होती. बाबांच्या घराची मी घेतली. तू म्हणालीस, "ज्याने गाव बुडवलं त्याच्या दारात राखण करायला चाललास?" मी खाली मान घालून उभा होतो.

दाजी गेले तेव्हा मी तुझ्या दारापर्यंत आलो होतो. आत रडणं ऐकू येत होतं. चप्पल काढली, पुन्हा घातली आणि परत फिरलो. हे इतिहासात धरू नकोस.

तुझा भाऊ


६ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र आलं. तू लिहितेस, "तू दोन कुत्र्यांचं भांडणसुद्धा वहीत लिहायचास. मग धरण्याच्या नऊ दिवसांचं पान कुठे आहे? पहिल्या दिवसाचं आहे, दहाव्याचं आहे. मधलं कुणी खाल्लं?" आणि खाली भाचीने स्वतःकडून एक ओळ घातली आहे: "मामा, आई हे विचारताना चिडलेली नव्हती. गप्प होती."

कागद जुना आहे. पान गळालं असेल.

आज दुपारी बाराचा आकडा मी चुकीचा लिहिला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या खोलीतला फिटर, दरवाजांच्या मोटारींना वंगण घालणारा, रजिस्टर बघून हसला. "काय हो, आज तुमची पातळी घसरली?" रोजचाच विनोद आहे त्याचा. रोज मी हसतो.

तुझा भाऊ


१९ मार्च

ती. ताई,

पान गळालेलं नाही. मीच सोडवून ठेवलं होतं. या पत्रासोबत आहे. आधी पत्र वाचून घे, मग पान.

रोज सकाळी देवापुढे उभा राहिलो की सगळं सांगतो, एवढं एक सोडून. त्याला ठाऊक असलेली गोष्ट त्याच्यापासून लपवायची आणि आपण लपवली असं समाधान मानायचं, हे सव्वीस वर्षं चाललंय. मागच्या पत्रात तुला खोटं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी हात जोडता येईनात.

दगड ऑफिसने हलवले नाहीत. आम्ही हलवले. दाजी, लोहार आणि मी.

धरण्याचा चौथा दिवस. तिपाई साहेब तुमच्याशी बोलणी करायला मोठ्या ऑफिसात गेला होता, त्याची दोन माणसं खाली नदीकाठी झाडाखाली झोपली होती. भर दुपार. आम्ही गुरं चारायला नेल्यासारखी वर नेली. कल्पना माझी. तो म्हणाला होता ना, जिथपर्यंत दगड तिथपर्यंत पाणी. मी सातवी शिकलेला, वहीत लिहिलेलं खरं मानणारा. वाटलं, दगड खाली गेला की त्यांना धरणाची उंचीच कमी करावी लागेल. आज हे लिहितानाही कान तापतात. पण तेव्हा आम्हां तिघांनाही ते अगदी सरळ वाटलं.

दगड सिमेंटच्या बुडात रोवलेले होते. लोहाराने छिन्नीने कडा फोडल्या, दाजींनी पहारीने उचकटले. बूड तसंच जमिनीत राहिलं, त्यावर माती लोटली. दाजी प्रत्येक दगडाला म्हणायचे, "चला बुवा, जरा खाली सरका, वर गर्दी झालीय." लोहार हसून हसून खाली बसायचा.

कुठून सुरुवात करायची, असं दाजींनी विचारलं. मी म्हणालो, "आधी ताईचं घर."

म्हणून चौदावा पहिला. सात होईपर्यंत उन्हं उतरली. तेच दगड दुसऱ्या दिवशी खालच्या गल्लीच्याही खाली न्यायचं ठरलं, पण दुसऱ्या दिवशी ती माणसं जागी होती. एवढ्यावरून, ताई, मी यादीत राहिलो आणि तू बाहेर.

दगड काढण्याआधी मूळ जागा लिहून घ्यायला दाजींनीच सांगितलं. "न जाणो, परत लावायची वेळ आली तर." ते चालायचे, मी लिहायचो. ते हे पान आहे.

तुम्ही परत आलात आणि लोकांनी तुला खांद्यावर घेतलं. गर्दीतून दाजींनी माझ्याकडे पाहिलं. नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "एवढी हसतेय रे. आज नको सांगायला." मग ते रोजच आज नको झालं. पाणी तुझ्या ओट्याला लागलं त्या दिवशी ते गुडघाभर पाण्यात उभे होते. एवढंच म्हणाले, "पाण्याला तुझं अक्षर काही वाचता आलं नाही." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला शपथ घातली होती, ती मी आज मोडतोय. वरती भेटले की बोलतील ते ऐकून घेईन.

मला कळतंय मी काय करतोय. तुझी सर्वांत मोठी जीत काढून घेतोय. तुझ्या भाषणातलं शेवटचं वाक्य काढून घेतोय. आणि दाजी गेल्यावर त्यांच्या नावाला हे लावतोय. पण या पानाशिवाय रेषा मुळात कुठे होती याचा दुसरा कागद या जगात नाही. लोहार परगावी मुलाकडे आहे, त्याला आता ऐकूही येत नाही. उरलो मी.

तुला निवड करायला लावणार नाही. पानाची नक्कल आणि माझा सही केलेला जबाब काल चौकशी अधिकाऱ्याकडे पोचता केला. मूळ पान तुझं.

क्षमा मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही, हेही ओझं तुझ्यावरच यायचं.

तुझा भाऊ


२ मे

ती. ताई,

तुझं उत्तर आलं नाही आणि वाटही पाहिली नव्हती. पण परवाचं लिहून ठेवायला हवं. सवय आहे. शिवाय परवा आपण एकमेकांशी बोललो नाही, तेव्हा हे तरी.

वीस तारखेला अधिकारी म्हणाला, "कागदावर मी कसा विश्वास ठेवू? जागा दाखवा." म्हणून परवा सगळे उतारावर. पाणी या दिवसांत खूप खाली जातं, तेव्हा वरच्या गल्लीची जोती गाळातून वर येतात. मी तासभर आधी आलो होतो. तुझं जोतं मला लगेच ओळखू आलं. उंबऱ्याचा दगड अजून जागेवर आहे, मधोमध झिजलेला.

तू भाचीच्या खांद्यावर हात ठेवून आलीस. थकली आहेस. मला पाहिलंस आणि नजर वळवलीस.

अधिकाऱ्याने पानाची नक्कल वाचली. "चौदावा दगड. ताईच्या उंबऱ्यापासून सरळ वर, एकेचाळीस पावलं." मी उंबऱ्यापासून चालत गेलो. एकेचाळीस मोजली, खूण केली. मजुरांनी खणलं. माती. आणखी खणलं. मुरूम. ऑफिसचा कारकून घड्याळ बघू लागला. "पन्नास वर्षांचा माणूस, आठवण काय धड राहणार!" असं तो मुद्दाम मला ऐकू जाईल असं बोलला. मी पुन्हा खाली जाऊन पुन्हा मोजली. तीच जागा. सव्वीस वर्षांनी एक पान बाहेर काढलं आणि तेही खोटं पडणार, असं वाटलं.

तेव्हा तू विचारलंस. मला नाही, भाचीला. "कुणाची पावलं, ते लिहिलंय का त्यात?"

भाचीने पिशवीतून मूळ पान काढलं. कडेला बारीक अक्षरात होतं, मीच लिहिलेलं, मीच विसरलेलं. तिने वाचलं, "दाजींची पावलं."

तू चपला काढल्यास. उंबऱ्यावर उभी राहिलीस, भाचीचा हात सोडलास आणि चालू लागलीस. मोठ्याने मोजत. तो चढ, ते गुडघे. मध्ये दोनदा थांबलीस, पण आकडा सोडला नाहीस. एकेचाळीस झाली तरी तू चालतच होतीस, माझी खूणही मागे पडली. कारकून म्हणाला, "अहो बाई, एकेचाळीस कधीच झाली!" तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. एकसष्ट झाल्यावर थांबलीस, श्वास घेतलास, आणि अर्धं पाऊल पुढे टाकलंस.

"इथे."

दोन फावडी माती निघाली आणि पहार ठणकन वाजली. सिमेंटचं बूड, कडा फुटलेल्या, मधोमध चौकोनी खळगा. तू खाली बसलीस आणि त्या फुटक्या कडेवरून बराच वेळ हात फिरवत राहिलीस. मग त्या खुणेवरून उरलेले सहा अर्ध्या तासात सापडले.

अधिकाऱ्याने निकाल दिलेला नाही. वरिष्ठांकडे पाठवतो म्हणाला, त्यांना दिवस लागतील. पण सातही बुडांचे फोटो काढले, मापं घेतली आणि अकरा घरांची नावं कारकुनाकडून स्वतःसमोर लिहून घेतली. बावीस वर्षांत ती नावं सरकारी कागदावर पहिल्यांदा आली. मला काल कामावरून दूर केल्याचं पत्र मिळालं, सरकारी खुणा हलवल्याबद्दल चौकशी होईपर्यंत. ते बरोबरच आहे. संध्याकाळी सहाचा आकडा फिटरने लिहिला. मला विचारून गेला, "दादा, तुम्ही परत येईपर्यंत पट्टी मीच वाचतो, चालेल ना?" या वेळी त्याने विनोद केला नाही.

हे सगळं तू पाहिलंच आहेस. मला लिहायचं आहे ते शेवटचं.

कारकून जबाब लिहून घ्यायला तुझ्यासमोर बसला. म्हणाला, "बाई, इतकी वर्षं तुम्ही सांगत आलात की एकाही दगडाला हात लावला नाही. आता काय लिहू?"

तू म्हणालीस, "लिहा. आम्ही सात दगडांना हात लावला."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"आमचे हे," तू म्हणालीस. मग माझ्याकडे न पाहता माझ्या दिशेने बोट केलंस. "हा. आणि मी."

तू तिथे नव्हतीस, ताई. तू नऊ दिवस धरण्यावर होतीस, पहिल्या पानावर चौतीस नावांत तुझं नाव पहिलं आहे. कारकुनाने वाचून दाखवलं, तू अंगठा उठवलास आणि साक्षीदार म्हणून खाली सही करायला कागद माझ्यापुढे आला. मास्तर म्हणायचे, संपादन म्हणजे चुका दुरुस्त करणं. मी तो जबाब दोनदा वाचला. चूक तशीच ठेवली आणि सही केली.

तुझा भाऊ